खिडकीचा धंदा, दाराचा धसका

ब्रिटनमध्ये लोकांच्या घरांच्या खिडक्या ठरावीक मुदतीने बाहेरून पुसून देणे हा एक रुळलेला, स्वतंत्र व्यवसाय असून, त्यात शिरण्यासाठी एक शिडी, एक बादली आणि वेळेवर उठण्याची तयारी एवढ्या तीन गोष्टी पुरतात, अशी त्यात नव्याने शिरणाऱ्या माणसाची ठाम समजूत असते. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही समजूत आणि ती उराशी बाळगून सोमवारी सकाळी घराबाहेर पडणारा तो माणूस हा आहे. मराठीत त्याच्यासाठी रूढ असा शब्द नाही, कारण आपल्याकडे हे काम दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या सर्वांत उंच मुलाच्या गळ्यात पडते आणि त्याला धंदा म्हणण्याची कोणाची छाती होत नाही; म्हणून यापुढे सोयीसाठी त्याला ‘काचपुश्या’ म्हटले आहे. तो नवशिका आहे हे निराळे सांगायला नको, ते त्याच्या बादलीच्या कोरेपणावरून कळते.

इतिहासाने या धंद्याच्या वाटेत अक्षरशः विटा रचून ठेवल्या आहेत. इंग्लंडमध्ये १६९६ साली घराच्या खिडक्या मोजून त्यांवर कर बसवण्यात आला, तो १८५१ पर्यंत टिकला, आणि या दीडशे वर्षांत पुष्कळ घरमालकांनी उजेडापेक्षा पैसा बरा असा विचार करून आपल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. जुन्या घरांच्या भिंतींवर त्या आंधळ्या चौकटी आजही दिसतात. मुरलेला काचपुश्या अशा घरासमोरून जाता जाता उघड्या खिडक्या तेवढ्या मोजतो. नवशिका रस्त्यापलीकडे उभा राहून बोटाने सगळ्याच मोजतो, मग चूक ध्यानात आल्यावर बुजलेल्या वजा करतो, आणि वजाबाकीच्या भरात, घरमालकाला जास्त वाटू नये म्हणून, दोन उघड्याही वजा करून टाकतो. त्याच्या पुढच्या सगळ्या आर्थिक चरित्राचे बीज या वजाबाकीत आहे.

हा माणूस बहुधा कुठल्या तरी गोदामात, कारखान्यात किंवा कचेरीत काही वर्षे काढून, तिथल्या साहेबाचा कंटाळा येऊन बाहेर पडलेला असतो, आणि यापुढे आपण कोणाचे ऐकणार नाही, या एका वाक्यावर त्याने घरच्यांना गप्प केलेले असते. करखात्याच्या भाषेत तो आता ‘सोल ट्रेडर’, म्हणजे ज्याचा धंदा आणि ज्याचा खिसा यांत कायदा भेद मानत नाही असा एकटा धंदेवाला, झालेला असतो. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपते. वर्षाची उलाढाल १,००० पौंडांच्या आत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नसते आणि त्यापुढे गेली तरी ते करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सवड असते. काचपुश्या मात्र एकही काच ओली करण्याआधी नोंदणी उरकतो, हिशेबाची वही आणतो, तिच्यात ‘जमा’ आणि ‘खर्च’ असे दोन रकाने आखतो आणि वहीची किंमत खर्चाच्या रकान्यात लिहून धंद्याची भवानी करतो. पाठोपाठ नाव ठरते. ते लखलखाट, स्फटिक किंवा इंद्रधनुष्य यांपैकी कशावरून तरी पडते, अथवा आडनावापुढे ‘आणि पुत्र’ असे जोडून पडते. पुत्र त्या वेळी चार वर्षांचा असतो, पण पाटी रंगवून घेताना दूरदृष्टी ठेवलेली बरी.

यानंतरचा काळ हत्यारांचा असतो, आणि नवशिक्याच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ हाच, कारण यात अद्याप गिऱ्हाईक आलेले नसते. या धंद्याचे मूळ हत्यार स्क्वीजी, म्हणजे आपल्याकडे फरशीवरचे पाणी ओढायला जो वायपर वापरतात त्याचे धाकटे, नाजूक आणि फार गर्विष्ठ भावंड. पूर्वीच्या स्क्वीजी पोलादी, बोजड आणि डझनभर स्क्रूंनी आवळलेल्या असत. अमेरिकेतल्या ओकलंड येथे स्थायिक झालेल्या एत्तोरे स्तेकोने या इटालियन काचपुश्याने १९३६ मध्ये एकाच धारदार रबरी पट्टीची, हलकी, पितळी स्क्वीजी घडवली, आणि आजची हत्यारे तिच्याच वंशातली आहेत. ती काचेवर सरळ ओढायची नसून, टेकवलेली न उचलता नागमोडी फिरवत वरून खाली आणायची असते; जाणत्याच्या हातात ही क्रिया काही सेकंदांत आटोपते आणि काचेवर काही उरत नाही. नवशिक्याच्या हातात ती आटोपते तेव्हा काचेवर एक आडवा ओघळ, कोपऱ्यात साबणाचा फेस आणि त्याच्या बाहीत कोपरापर्यंत पाणी उरते, आणि हा सगळा सराव त्याने स्वतःच्या घराच्या मागच्या दारावर केलेला असल्यामुळे त्या दाराची काच त्या गल्लीत सर्वांत जास्त पुसलेली आणि सर्वांत कमी स्वच्छ असते.

याच सुमारास त्याला कळते की या धंद्यात दोन पंथ आहेत आणि त्यांचे वैर शैव-वैष्णवांना ओळखीचे वाटेल असे आहे. पहिला शिडीपंथ, जो बादली, स्क्वीजी आणि कोपरे टिपायला लिननचे मऊ फडके घेऊन वर चढतो. दुसरा दांडीपंथ, जो जमिनीवर उभा राहून पंचवीस-तीस फूट लांबीच्या पोकळ दांडीतून वरच्या ब्रशापर्यंत पाणी पोचवतो, काच घासतो, धुतो आणि न पुसताच निघून जातो. न पुसता काच स्वच्छ कशी राहते, याचे उत्तर पाण्यात आहे. साध्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, पाणी वाळले की तेच पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे उरतात. ते गाळून काढले तर मागे उरायला काही राहत नाही. त्यासाठी पाणी आधी सूक्ष्म पडद्यातून आणि मग रेझिन नावाच्या बारीक मण्यांतून नेतात, आणि दहा लाख भागांत क्षाराचे किती भाग शिल्लक आहेत हे दाखवणाऱ्या मीटरवर शून्य आले की पाणी शुद्ध झाले असे मानतात. हे शून्य दांडीपंथाचे दैवत होय. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या खडूच्या थरांतून येणारे पाणी फार जड असल्यामुळे तिथे रेझिन भराभर संपते, स्कॉटलंड-वेल्सच्या बहुतेक भागांत पाणी मऊ असल्यामुळे ते पुष्कळ पुरते. आणि संपत आलेल्या रेझिनला माशासारखा वास येऊ लागत असल्याने, गॅरेजमधल्या त्या वासाबद्दल काचपुश्याच्या घरात काही दिवस मांजराला विनाकारण बोलणी खावी लागतात.

नवशिका शिडीच्या भांडवलावर धंद्यात येतो आणि दांडीच्या कर्जावर टिकतो. पाचशे लिटरच्या टाकीतले पाणी नुसते वजनाने अर्धा टन भरते, हे गणित शाळेतले असूनही, टाकी भरल्यावर आपली जुनी व्हॅन मागे का बसली याचा विचार तो पुष्कळ वेळ करतो. त्यातच कोणी तरी त्याला सांगते की सरकारने शिडीवर बंदीच घातली आहे. तशी बंदी नाही. उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम एवढेच म्हणतात की जमिनीवरून होण्यासारखे काम जमिनीवरून करावे आणि शिडी जिथे थोड्या वेळासाठी व कमी धोक्याच्या कामाला योग्य असेल तिथे ती नीट टेकवून वापरावी. स्कॉटलंडमध्ये मात्र १९८२ च्या एका कायद्यानुसार, स्थानिक कौन्सिलने तसे ठरवले असेल तिथे, या धंद्याला तिचा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये तसा लागत नाही, त्यामुळे सीमेच्या दक्षिणेला बादली हीच सनद समजली जाते.

आता दाराकडे वळणे भाग आहे, आणि काचपुश्या नेमका इथेच वळत नाही. खिडकी पुसण्याआधी दार वाजवावे लागते, ही गोष्ट त्याच्या हत्यारांच्या यादीत कुठेच नसते. म्हणून तो आधी पत्रके छापतो, कारण पत्रक दाराच्या फटीतून टाकून पळता येते. काही दारांच्या फटीला आतून केसाळ ब्रश आणि त्यामागे कुत्रा असतो, तरी त्या कुत्र्याचा दात त्याला घरमालकाच्या ‘नको’पेक्षा सुसह्य वाटतो. पत्रकांना उत्तर येत नाही. अखेर एका संध्याकाळी तो खरोखरच दार वाजवतो आणि मनातल्या मनात प्रार्थना करतो की घरात कोणी नसावे. दार उघडलेच तर संवाद ठरलेला असतो. त्याच्या मनात पंधरा पौंड असतात, तोंडातून दहा निघतात, बाई विचारतात, “आणि मागचे कन्झर्व्हेटरीचे धरूनच ना, बाळा?” कन्झर्व्हेटरी म्हणजे घराला मागून चिकटवलेली भिंतीपासून छपरापर्यंत काचेची खोली, जी एकटीच उरलेल्या घराइतका वेळ खाते. काचपुश्या म्हणतो, “धरूनच.” पहिल्या खेपेला, वर्षानुवर्षांचा मळ काढायचा असल्यामुळे, दुप्पट दर सांगण्याची या धंद्यात रीत आहे, ती त्याला पाठ असते आणि दार बंद झाल्यावर आठवते.

या सगळ्यातून जी जमवायची असते तिला तिथे ‘राउंड’ म्हणतात, आणि तिला मराठीत ‘रतीब’ हा तयार शब्द आहे. फरक एवढाच की दुधाचा रतीब रोजचा आणि हा चार, सहा किंवा आठ आठवड्यांचा. रतीब हीच या धंद्याची खरी मालमत्ता. ती महिन्याच्या उत्पन्नाच्या काही पटीने चक्क विकत दिली-घेतली जाते, म्हणजे शिडी आणि बादली सोडून, अमुक गल्लीतल्या अमुक घरांच्या धुळीवरचा हक्क तेवढा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. चांगला रतीब दाट असतो, एका दारातून निघून दुसऱ्यात शिरता येईल असा. नवशिक्याचा रतीब नकाशावर सांडलेल्या तांदळासारखा असतो: उत्तरेला सासूबाई, दक्षिणेला जुना सहकारी, पूर्वेला सासूबाईंची मैत्रीण, जिला तो नातेवाईक समजून सूट देतो. दिवसभरात तो खिडक्यांपेक्षा सिग्नल जास्त पाहतो.

पावसाचा विषय ब्रिटनमध्ये टाळता येत नाही. खिडक्या पुसल्यावर पाऊस पडला की पैसे वाया गेले, असे तिथल्या गिऱ्हाइकाचे मत असते, आणि त्या देशात पुसणे आणि पाऊस यांमध्ये फारसे अंतर राखणे कोणालाच शक्य नसते. वस्तुतः पावसाच्या पाण्यात क्षार थोडेच असतात. ते स्वच्छ काचेवर पडून ओघळून गेले तर काच जवळजवळ तशीच राहते, डाग पडतात ते काचेवर आधीपासून बसलेल्या धुळीचे. काचपुश्या हे पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, दुसऱ्या महिन्यात मीटर काढून दाखवतो, आणि तिसऱ्या महिन्यात रिमझिमीत डोक्यावर टोपी ओढून मुकाट्याने काम करत असताना शेजारीपाजारी त्याच्याकडे, भर पावसात झाडांना पाणी घालणाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात.

इथे एका लोकसमजुतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ज्या १९३६ मध्ये स्तेकोनेची स्क्वीजी आली त्याच वर्षी जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायकाचे, खिडक्या पुसताना लोकांच्या घरांत डोकावणाऱ्या माणसावरचे गाणे एका चित्रपटातून गाजले. ते इतके चावट समजले गेले की बीबीसीने ते लावायचे टाळले, आणि तेव्हापासून या धंद्यातला प्रत्येक माणूस डोकावतो असे लोक गृहीत धरतात. नवशिक्याला हे गाणे कोणी ना कोणी ऐकवतोच, आणि प्रत्येकाला वाटते की ही गंमत आपल्यालाच सुचली. बायका पडदे ओढून घेतात. प्रत्यक्षात खिडकीच्या पलीकडे राजवाडा जळत असला तरी काचपुश्याला तो दिसणार नाही, कारण त्याचे डोळे चौकटीच्या वरच्या रबरी पट्टीवर खिळलेले असतात, जिथून नुकत्याच धुतलेल्या काचेवर मळक्या पाण्याचा एक थेंब उतरू की नको असा विचार करत लोंबकळतो. काचेतून पाहणे त्याने केव्हाच सोडलेले असते. तो काच पाहतो. लग्नात, दवाखान्यात, बँकेत तो लोकांशी बोलता बोलता त्यांच्या खांद्यावरून मागच्या तावदानाचा कोपरा तपासत असतो.

वर्षाअखेर त्याच्या लक्षात येते की एका साहेबाच्या जागी आपल्याला साठ झाले आहेत. त्यांतले बहुतेक सज्जन असतात, फुलाच्या कुंडीखाली पैसे ठेवतात किंवा त्याच रात्री बँकेतून पाठवतात. पण काहींना या धंद्याच्या बोलीत ‘मेसर’, म्हणजे घोळ घालणारे, असे नाव आहे. मेसर उधारी बुडवत नाही, तेवढा तो सरळ असतो, आदल्या रात्री “उद्या येतो आहे, बाजूचे फाटक उघडे ठेवा” असा निरोप पाठवला तरी फाटकाला कुलूप असते, आणि फाटक उघडे असले तर बाई दारात येऊन म्हणतात, “या खेपेला राहू दे बाळा, फार काही मळलेल्या नाहीत.” पुढच्या खेपेला दोन महिन्यांचा मळ एका महिन्याच्या दरात निघतो. जाणते लोक अशा गिऱ्हाइकाला एका ओळीत निरोप देतात. नवशिका ती ओळ लिहायला व्हॅनमध्ये बसून पाऊण तास घेतो, तिच्यात आधी हवेबद्दल, मग वाढलेल्या कामाबद्दल, मग आपल्या पाठदुखीबद्दल लिहितो, आपल्या भागातल्या दुसऱ्या एका काचपुश्याची शिफारस करतो, आणि यापुढे आपले येणे जमणार नाही हे शेवटच्या वाक्यात इतक्या अदबीने घालतो की ते वाक्य वाचणाऱ्याला सापडत नाही. पाठवल्यावर तो फोन पालथा ठेवतो. पाच मिनिटांनी उत्तर येते: “बरे, पाठीची काळजी घे. म्हणजे गुरुवारीच ना?” आणि गुरुवारी तो जातो, फाटकाला कुलूप असते, आणि कुंडीखाली मागच्या खेपेचे दहा पौंड.