चौथी ‘ब’च्या ब्लॉगकर्त्यांस

इयत्ता चौथी ‘ब’च्या ब्लॉगचे खरे लेखक यांस,
सा. न. वि. वि.

प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. ब्लॉगच्या माथ्यावर ‘आम्ही लिहितो!’ अशी रंगीत पाटी आहे, शेजारी पंख हलवणारं फुलपाखरू आहे, आणि तरीही मुलांनी लिहिलेलं एक वाक्यसुद्धा त्यावर चुकून आलेलं नाही. चाळीस मुलं वर्गात असताना असा बंदोबस्त ठेवणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

मी आपला नियमित वाचक. प्रवेशोत्सव वाचला, वृक्षारोपण वाचलं. विस्तार अधिकाऱ्यांची भेट तर सचित्र वाचली: साहेब गाडीतून उतरताना, साहेबांना शाल घालताना, साहेब चहा घेताना. ‘माझी सहल’ हा निबंधही वाचला. ‘निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रफुल्लित झाले’ असं नऊ वर्षांच्या लेखकाने त्यात लिहिलं आहे. एरवी सहलीहून आलेलं मूल आधी एसटीत कोण ओकलं ते सांगतं, मग कोणाचा डबा कोणी खाल्ला ते. मन वगैरे त्याच्या ध्यानीमनी नसतं. ती सगळी घाण आपण वेळीच पुसलीत.

नाहीतर काय होतं, ते फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाला विचारावं. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झालेली, त्यामुळे तासन्‌तास बोलून शिकवणं जमेना. १९२४च्या सुमारास या गृहस्थाने बार-स्यूर-लू गावच्या शाळेत चक्क छपाईयंत्र आणलं. मुलं मनात येईल ते लिहायची, कोणाचा मजकूर छापायचा ते मतदानाने ठरवायची, स्वतःच खिळे जुळवायची. छापलेली पानं देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या एका वर्गाला टपालाने जायची आणि तिकडून उलट पानं यायची. वाचणारं कोणीतरी खरंखुरं आहे, हे कळल्यावर मुलं शुद्धलेखनही मनावर घ्यायला लागली म्हणे. म्हणजे लाल शाईचा धाक संपला. शिस्तीचं पुढे काय होणार?

व्हायचं तेच झालं. पुढे फ्रेने साँ-पोल गावी शिकवत असताना त्याच्या वर्गातल्या एका मुलाने आपलं स्वप्न लिहिलं. शाळेचं साहित्य फुकट द्यायला नकार देणाऱ्या महापौराविरुद्ध वर्गाने बंड केलंय, आणि शेवटी स्वप्न पाहणाऱ्यानेच महापौराला ठार केलंय. महापौर म्हणजे आपल्याकडचे सरपंच समजा. हा मजकूर १९३२च्या अखेरीस विरोधकांनी गावात भिंतींवर डकवला, मोठा गदारोळ उठला आणि १९३३मध्ये फ्रेनेची बदली निघाली. गृहस्थ हट्टी निघाला, १९३५मध्ये त्याने व्हांस इथे स्वतःची शाळाच काढली. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांना स्वप्नातसुद्धा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पुष्पगुच्छ स्वीकारतानाच दिसत असावेत.

दुसरं उदाहरण आणखी धोक्याचं. स्कॉटलंडमधल्या लॉखगिलपहेड गावची नऊ वर्षांची एक मुलगी २०१२मध्ये ‘नेव्हरसेकंड्स’ नावाच्या ब्लॉगवर शाळेतल्या जेवणाचे फोटो टाकायला लागली. पिझ्झाचा तुकडा, बटाट्याचं एकच क्रोकेट, आणि खाली गुण. घास किती, आरोग्याला कसं, किंमत किती, आणि ताटात केस किती निघाले तेही. जूनमध्ये तिथल्या स्थानिक कौन्सिलने फोटोंना बंदी केली. इतका गाजावाजा झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. वर तिने मलावीतल्या शाळकरी मुलांच्या जेवणासाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी उभा केला! आपल्या खिचडीबद्दल चौथी ‘ब’ काय लिहील, कल्पना करवत नाही. त्यापेक्षा चव नोंदवही बरी; तिच्यात रोज ‘उत्तम’ असतं.

गंमत म्हणजे ती मुलगी ‘व्हेज’ या टोपणनावाने लिहायची. मत उघड, ओळख झाकलेली. आपण याच्या नेमकं उलट करून दाखवलंत: मुलांचं मत पूर्णपणे गोपनीय, आणि ओळख जगजाहीर. पूर्ण नाव, तुकडी, गाव, गणवेशातला समोरून फोटो, वाढदिवसाची तारीख. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल ठरवलंय, आणि मुलांच्या माहितीसाठी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. पण पालकसभेच्या हजेरीपटावर सह्या असतातच की. कागदाचा मथळा नंतर बदलता येतो.

कोणी आगाऊ पालक म्हणेल, आपल्याकडच्या गुरुजींनी ब्लॉग चालवले नाहीत का? चालवले, आणि कामाचे चालवले: प्रश्नपत्रिका, नियोजन, शासन निर्णय. पण ते गुरुजींनी गुरुजींसाठी चालवलेले, आणि तसं पाटीवर लिहिलेले. पाटीवर मुलं आणि आत आपण, ही कल्पकता चौथी ‘ब’ची.

इंग्लंडात बोल्टनच्या डेव्हिड मिचेल या शिक्षकाने तर मुलांच्या ब्लॉगसाठी चार-चार शाळांच्या चौकड्या जमवल्या होत्या. दर आठवड्याला एका वर्गाची पाळी. बाकीच्या तिघांनी त्यांचं लिखाण वाचायचं आणि उत्तर द्यायचं. तसली थेरं आपल्या केंद्रात कोणी सुचवलीच, तर नेट नाही म्हणावं. आणि पोस्टाने पाठवू म्हणाला, तर तिकिटाचा खर्च कोणत्या शीर्षात टाकायचा, ते विचारावं. माणूस गप्प बसतो.

कळावे, लोभ असावा,
आपला एक वाचक

ता. क. ‘माझा पाळीव प्राणी’ या लेखाखाली ‘कुत्रा रात्री कुठे झोपतो?’ एवढंच मी विचारलं होतं. तो प्रश्न अजून मंजुरीच्या प्रतीक्षेत दिसतो. मुख्याध्यापकांची सही लागणार असेल तर तसं कळवावं. तीन प्रतींत अर्ज करतो.