झाकली कोंबडी मोकळीच

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरून गेलं आहे. ब्रिटिश संसदेने या म्हणीला आता पुरवणी जोडली आहे: कोंबडी झाकून ठेवली म्हणून तिची मोकळीक जात नाही. आपली म्हण तोंडोतोंडी चालली, तिला कुणी अनुमोदन दिलं नव्हतं. त्यांची पुरवणी मात्र रीतसर दोन्ही सभागृहांसमोर आली, तपासली गेली आणि जानेवारी 2025च्या अखेरीस इंग्लंडात लागू झाली.

प्रकरण नीट समजून घ्यायचं तर आधी तिकडचं अंडं हातात घ्यायला हवं. दुकानातल्या अंड्याच्या कवचावरच त्याची कुंडली छापलेली असते. पहिला आकडा कोंबडीच्या राहणीचा. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे फ्री रेंज, 2 म्हणजे शेडमधली, 3 म्हणजे पिंजऱ्यातली. पुढे ‘यूके’, त्यापुढे फार्मचा क्रमांक आणि बहुतेक अंड्यांवर लाल शाईचा एक छोटा सिंह. अंडं उकडायला टाकण्यापूर्वी चष्मा लावून वाचावं, इतका मजकूर. यातल्या 1 या आकड्यासाठी तिथला ग्राहक खिशात हात घालतो, आणि ब्रिटनमधली निम्म्याहून जास्त अंडी आता याच वर्गातली असतात.

फ्री रेंज म्हणजे किती मोकळं, याचंही माप आहे. बाहेर दर कोंबडीमागे 4 चौरस मीटर जागा, म्हणजे हेक्टरी 2,500 कोंबड्या. आत एका चौरस मीटरवर फार तर 9. शेडच्या भिंतीला तळाशी दारं, ती किमान 35 सेंटिमीटर उंच आणि 40 सेंटिमीटर रुंद, आणि हजार कोंबड्यांमागे सगळ्या दारांची रुंदी मिळून दोन मीटर. (ही मापं जपणाऱ्या कॉमन्स सभागृहात 650 खासदारांसाठी 427 जागा आहेत. उरलेले दाराशी उभे राहतात. त्यांच्यासाठी हेक्टरी दर अजून ठरलेला नाही.)

यातली खरी गंमत अशी की कोंबडीने बाहेर गेलंच पाहिजे, असं कायदा कुठेही म्हणत नाही. दिवसा दार उघडं असलं की झालं. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये मधोमध आयुष्य काढणारी एखादी बिचारी त्या दारापर्यंत कधी पोचतही नसेल, पण तिचं अंडं बाहेर पडताना 1 हा आकडा घेऊनच पडतं. हक्क दिलेला आहे, वापरणं न वापरणं ज्याचं त्याचं. लोकशाहीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग बर्ड फ्लू आला. रानपाखरांकडून रोग येतो, तेव्हा कोंबड्या आत ठेवा, असा हुकूम सरकारने नोव्हेंबर 2021मध्ये काढला. दारं लागली. कायद्याने 16 आठवड्यांची सवलत होती. तेवढे दिवस कोंबडी आत असली तरी अंडं फ्री रेंजच. (आधी ही सवलत 12 आठवड्यांची होती. 2017 साली युरोपने ती वाढवली, कारण रोगाला 12 आठवड्यांचं गणित येत नव्हतं. त्याला 16चंही येत नव्हतं, हे नंतर कळलं.) मुदत संपली आणि 21 मार्च 2022 रोजी ब्रिटनच्या दुकानांतून फ्री रेंज अंडं नाहीसं झालं. म्हणजे अंडी तीच, कोंबड्या त्याच, फार्मही तेच. आदल्या दिवशी मोकळ्या असलेल्या कोंबड्या दुसऱ्या दिवशी कागदोपत्री शेडमधल्या झाल्या, एवढंच. डब्यांवर जादा पट्ट्या चिकटल्या, फळ्यांवर सूचना लागल्या की या कोंबड्यांना त्यांच्याच भल्यासाठी तात्पुरतं आत ठेवलं आहे. तुमच्याच भल्यासाठी आत ठेवलंय, हे वाक्य पूर्वी कुठे ऐकलंय म्हणता? असेल, असेल.

पुढच्याच हिवाळ्यात पुन्हा दारं लागली. आता शेतकरी वैतागला, आणि त्याचं वैतागणं रास्तच होतं. जमीन त्याने घेतलेली, कुंपण त्याने घातलेलं, दार मात्र सरकारने लावलेलं, आणि भाव कुणाचा पडणार? त्याचा. इकडे युरोपने नोव्हेंबर 2023मध्ये 16 आठवड्यांची मर्यादाच काढून टाकली. सरकारी हुकूम असेल तोवर कोंबडी आत आणि लेबल फ्री रेंज. ब्रिटन तोवर युरोपातून बाहेर पडून, आपले कायदे आपण करू म्हणत मोकळं झालेलं. पण नॉर्दर्न आयर्लंडला अशा बाबतीत युरोपचेच नियम लागू राहिले. परिणामी एकाच राजाच्या राज्यात बेलफास्टजवळची बंद कोंबडी मोकळी आणि यॉर्कशायरची बंद कोंबडी 16 आठवड्यांनी बंद, अशी वेळ यायची होती. मग लंडननेही ब्रुसेल्सचाच कित्ता गिरवला. स्वातंत्र्य मिळाल्यावर ज्याचं जोखड झुगारलं त्याचीच नक्कल करायची, या वळणाचा अनुभव आपल्यालाही आहे, फक्त आपण नक्कल लंडनची केली.

आता संसदीय छाननीविषयी. असले नियम पूर्ण विधेयक म्हणून येत नाहीत, दुय्यम कायदा म्हणून येतात. लॉर्ड्समध्ये त्यांच्या छाननीसाठी खास समिती आहे. कॉमन्समध्ये मूठभर खासदारांची समिती बसते, तिला फार तर दीड तास मिळतो. नियमातला एक स्वल्पविरामही तिला हलवता येत नाही, घ्यायचा तर अख्खा घ्यायचा. शेवटी ठराव कशावर, तर समितीने या मसुद्याचा विचार केला आहे, यावर. समजा, समितीने बहुमताने सांगितलं की आम्ही विचार केला नाही, तरी मसुद्याची वाट अडत नाही, तो पुढे सभागृहात जाऊ शकतो. कॉमन्सने असा एखादा नियम शेवटचा फेटाळला तो 1979 साली, आणि तो होता रॉकेलच्या कमाल दरासंबंधीचा. तेव्हापासून छाननी चालू आहे. दारं उघडी आहेत. बाहेर कुणी जात नाही.

अर्थात, अंड्याच्या बाबतीत तिथला खासदार तोंड सांभाळून बोलतो, त्याला इतिहास आहे. डिसेंबर 1988मध्ये एडविना करी या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला आहे, असं बोलून गेल्या. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत मंत्रिपद गेलं. तेव्हापासून वेस्टमिन्स्टरमध्ये अंड्यावर बोलताना वाक्य हळूच ठेवायची पद्धत आहे.

तर या सगळ्या खटाटोपातून जे तत्त्व निघालं, ते मला फार मोठं वाटतं. दार मालकाने लावलं तर कोंबडी बंदिस्त. तेच दार सरकारने लावलं तर कोंबडी मोकळी, आणि हुकूम उठेपर्यंत मोकळीच. हे तत्त्व माणसांना लावून पाहायचा मोह सुज्ञ वाचकांनी आवरावा.

पण हसताना जरा बेतानं. तिकडे निदान लेबल खोटं की खरं, यावर लोक डोकं तरी खाजवतात. आपल्याकडे सुट्या अंड्यावर कोंबडी कशी राहिली हे छापायची सक्तीच नाही, मग खोटं ठरणार काय? विधी आयोगाने 2017मध्ये अंड्यांच्या कोंबड्यांवर अहवाल दिला, 2023मध्ये नियम आले. पिंजऱ्यात दर कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर. ज्या ए-फोर कागदावर आपण अर्ज लिहितो, तो सुमारे 620चा असतो. आणि जुन्या फार्मांना एवढी जागा देण्यासाठीही 2030पर्यंत मुदत आहे.

उरलं आपलं ‘गावरान’. त्याला ना हेक्टर, ना दार, ना आकडा. विकणाऱ्याचा शब्द हेच प्रमाणपत्र. तेव्हा कुणी दुपटीने भाव सांगितला, तर कोंबडी कुठे राहते एवढं तरी विचारा. अंड्याचा तांबूस रंग पाहून पैसे काढू नका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, आणि कधीकधी चहाच्या पाण्यावरही.