पेटीत कोंडलेली ऊब

"वहिनी, धुणं बाहेर? या जानेवारीत?"

"हॅरोचं ऊन दिसलं की घालायचं, वाळलं तर वाळलं. तू बोल, कोपऱ्यावरचं हळदीकुंकू कसं झालं?"

"काय सांगू! हॉलच्या रेडिएटरला कव्हर करून घेतलंय तिनं. पांढरंशुभ्र एमडीएफ, पुढे पितळी नक्षीची जाळी, वर फळी. फळीवर गणपती, मनीप्लांट, लग्नाचे फोटो. नि आम्ही सगळ्या शाली लपेटून!"

"बॉयलर बंद होता?"

"छे हो, घुरघुरत होता. नवरा म्हणाला, उद्याच बॉयलरवाल्याला बोलावतो."

"पैसे फुकट जायचे. ह्यांची उभी हयात हीटिंगच्या कामात गेली, म्हणून सांगते. रेडिएटरच्या आत पत्र्याच्या नागमोडी पट्ट्या असतात ना, त्यांत खालून गार हवा शिरते, तापते नि वरून निघते. खोली मुख्यतः त्या हवेनं तापते. हिनं वर फळी ठोकली. खाली?"

"खाली पट्टी. जमिनीला टेकलेली."

"मग हवेनं जायचं कुठून? मागची बाहेरची भिंत तापवत बसते. आणि बाजूची ती आकड्यांची गोल मूठ?"

"तीही आतच. जाळीतून दिसत होती, तीनवर."

"संपलंच! खोली तापली की नाही, हे ती मूठ आपल्याभोवतीच्या हवेवरून ठरवते. पेटीत तिला वाटतं वैशाख आला, नि ती पाणी अडवते. शाली तुम्हाला लागल्या, तिला काय त्याचं!"

"मग बॉयलर कुणासाठी घुरघुरत होता?"

"भिंतीवरच्या थर्मोस्टॅटसाठी. त्याला खोली गारच लागते, तो बॉयलरला सोडत नाही. शिवाय पाण्याची उष्णता खोलीत उतरली नाही, तर ते गरमच परत येतं. २००५ पासून इथं कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचे झाले. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तरच त्यांच्या धुरातली वाफ निवते नि तिची उष्णता कामी येते. नाहीतर गॅसचं बिल भरा!"

"पण वहिनी, तिचं धाकटं रांगायला लागलंय. म्हणून तर केलं तिनं."

"मग कव्हर हवंच, त्यात तिचं चुकलं नाही. माझी जाऊ केअर होममध्ये आहे. म्हाताऱ्यांचा हात लागेल तिथं रेडिएटर ४३ अंशांपेक्षा जास्त तापलेला चालत नाही म्हणे. पण कव्हर करायचं ते धुराड्यासारखं, खालून वर मोकळं."

"म्हणजे कसं?"

"खाली सबंध रुंदीत चार बोटं मोकळी. वर फळीच्या लगेच खाली, पुढच्या अंगाला तेवढीच लांब फट. फळीला आतून तिरका पत्रा, म्हणजे हवा आदळून थांबत नाही, खोलीकडे वळते. जाळी मोठ्या भोकांची. नक्षी दाट तेवढी हवा कमी. बाहेरची भिंत जुन्या भरीव विटांची असेल, तर मागे चकचकीत फॉइल. मूठ कव्हरच्या बाहेर. जमत नसेल तर बारीक नळीनं लांब सेन्सर नेता येतो अशी मिळते, ती बसवायची. आणि अख्खं कव्हर उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे, हवा काढायची किल्ली फिरवायला."

"एवढं करून हवा खेळतेय की नाही, कळायचं कसं?"

"टिश्यू पेपरची बारीक पट्टी धर वरच्या फटीपाशी. फडफडली तर ठीक. नुसती लोंबली, तर हवा कोंडलीय."

"सांगू का तिला? राग यायचा हो."

"गॅसचं बिल आलं की आपणच विचारील. तेव्हा सांग, खालची पट्टी काढ नि फळीखाली फट पाड, बाकी शोभा राहू दे तशीच. आणि तुम्ही हीट पंप घेताय ना? त्याचं पाणी बॉयलरपेक्षा कमी गरम असतं, त्यामुळे रेडिएटरवर असली पेटी मुळीच परवडायची नाही. आधी कव्हरांचं बघ, मग पंपाची ऑर्डर दे."