शिवीचं दरपत्रक

घरांना दारं नसल्याबद्दल नेवासा तालुका फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, कारण शनिशिंगणापूर तिथलंच. त्याच तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये माणसांच्या तोंडाला दार बसवलं. ग्रामसभेत ठराव झाला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. कारण अगदी चोख होतं. भांडतात दोन पुरुष आणि उद्धार होतो तो भांडणाच्या जागी हजरही नसलेल्या बाईचा. ती बिचारी घरी भाकऱ्या थापत असते. ठरावाची शाई वाळते न वाळते तोच शेताच्या बांधावरून दोघांची जुंपली आणि दोघांनाही दंड झाला. त्यांना दोष तरी किती द्यायचा? बांधाचं भांडण सभ्य भाषेत करणं म्हणजे विळीशिवाय नारळ खवणं.

दर तसा रास्तच म्हणायचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ प्रमाणे सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारून दुसऱ्याला त्रास दिला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सौंदाळ्यात निम्म्या दरात काम होतं, आणि वकील लागत नाही.

आता शिवी ही मुळात अश्लील असते का, हा वकिलांच्या पोटापाण्याचा प्रश्न. २०२३ साली ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेतली भाषा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली. न्यायमूर्तींनी निकालातच नोंदवलं की मालिकेचे भाग दालनात इयरफोन लावून पाहावे लागले, नाहीतर आजूबाजूची माणसं दचकली असती. पुढे १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा खटलाच रद्द केला. शिवराळ बोलणं आणि अश्लील बोलणं एक नव्हे. शिवी देणाऱ्याच्या मनात राग असतो, वैताग असतो, शब्दातला तो कार्यक्रम नसतो, असा त्या निकालाचा सारांश. भर पावसात पंक्चर झालेल्या एसटीच्या चालकानं हेच फुकटात सांगितलं असतं.

आपल्याकडे तर एके काळी खुद्द राजे शिवी देत, तीही दगडावर कोरून. शिलाहारांच्या काळातल्या गधेगळी कोकणात आणि मुंबईच्या आसपास सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली एक गाढव, एक बाई. सहलीला आलेल्या मुलांनी ‘हे काय चाललंय?’ असं विचारलं, की गुरुजी चंद्र-सूर्यावर घसरतात. राजानं दिलेलं दान जो मोडेल, त्याच्या आईची ही गत होईल, असा तो जाहीर दम. परळला सापडलेल्या अपरादित्याच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात दानाची हकिकत संस्कृतात आहे आणि शेवटची शिवी तेवढी मराठीत. लेख लिहिणारा व्यवहारी असावा. दान कुठल्याही भाषेत दिलं तरी घेणारा घेतो, पण दम ज्याला द्यायचा त्याला कळला पाहिजे. बाकी हिशेब तोच: जमीन लाटणार मुलगा आणि गाढवाशी गाठ आईची! इतक्या मोठ्या दरबारात ‘महाराज, आईचा यात काय संबंध?’ असं कुणी विचारलं नाही. विचारलं असेल, तर ते दगडावर आलं नाही.

बायकांनी या सगळ्याचं उट्टं कसं काढलं, ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात पाहावं. सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. एका काठावर सुखेडच्या बायका, दुसऱ्यावर बोरीच्या. वाद्यांचा कडकडाट सुरू होतो, पदर खोचले जातात, हात वर होतात आणि समोरच्या काठाचा यथेच्छ उद्धार होतो. हाच तो ‘बोरीचा बार’. ओढ्यावर भांडता भांडता बुडून गेलेल्या दोन सवतींची दंतकथा त्यामागे सांगतात. एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सून तिथे काय काय बोलते, हे सासरा लांबून बघत असतो. वाद्यांच्या गोंगाटात निम्मं ऐकू येत नाही, पण हातवारे पुरेसे बोलके असतात. बंदोबस्ताला पोलीसही असतात. त्यांचं काम दोन्ही काठ एकमेकांना भिडू न देण्याचं. कोण काय बोललं याची नोंद करण्याचं नव्हे. कलम २९६ त्या दिवशी ओढ्यात पाय सोडून बसतं. वेळ संपली, की तोंडं बंद, बायका घरी आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन गावांत बाजारहाट, सोयरिकी सगळं सुरळीत.

शहरी माणसाला शिवी ऐकायची तर तिकीट काढावं लागलं. १९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक आलं तेव्हा संस्कृतीच्या रक्षकांना घाम फुटला. परिनिरीक्षण मंडळ आडवं आलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मग १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींचं ‘वस्त्रहरण’ आलं. सखारामाच्या भाषेनं ज्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, तेच मध्यमवर्गीय प्रेक्षक त्यातल्या तात्या सरपंचाची मुक्ताफळं ऐकायला आई, बायको, मुलं अशी वरात घेऊन गेले आणि डोळे पुसत हसले. मालवणी हेल काढला की शिवीचं सोवळं आपोआप सुटतं, असा काहीतरी अलिखित नियम असावा. घाटावरच्या माणसानं तो हेल उसना घेऊन पाहू नये. त्याला फक्त मार मिळतो.

आणि यातल्या कुठल्याच दरपत्रकात न बसणारा एक खास घरगुती विभाग आहे: आजीचा. मेल्या, मुडद्या, तुझं तळपट होवो, तुला पटकी येवो. नीट ऐकलं तर यात कुणाची आई नाही, बहीण नाही, गाढव तर नाहीच. ज्यानं लोणच्याच्या बरणीत ओला हात घातला, पटकी थेट त्यालाच. गुन्हेगार आणि शिक्षा यांची इतकी अचूक गाठ शिलाहारांनाही जमली नव्हती. पटकीची साथ पाहिलेली माणसं आता कुठे भेटत नाहीत, पण आजीच्या तोंडी ती अजून टवटवीत आहे. “मेल्या, ताट वाढून ठेवलंय, गिळ एकदाचं,” यावर कुठलं कलम लावणार? आणि न गिळता कुणी उठलाच, तर त्याचं तळपट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.