बंदरावर केव्हा पोचावे? दर्यापूरकरांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

कापूस-तुरीचे चार पैसे हाती आले, मुलाने मोबाइलवर मुंबई-गोवा क्रूझचे तिकीट काढले आणि माळ्यावरच्या सुटकेसा खाली उतरल्या, की घरात पहिला वाद पेटतो तो ‘निघायचे कधी’ यावर. कपडे कोणते न्यायचे, बोट लागते का, आंघोळीला गरम पाणी मिळते का, हे प्रश्न नंतरचे. आजोबा म्हणतात, आदल्या दिवशी मुंबईत पोचावे. मुलगा म्हणतो, जहाज संध्याकाळी सुटते, दुपारी चारला पोचलो तरी भागते. आणि ज्यांना कोणी विचारलेले नसते ते शेजारचे भाऊ ओट्यावर बसून निकाल देतात : ‘कायले घाई करून राह्यले बाप्पा? थे का तुमाले सोडून जाईन?’

ते सोडून जाते. प्रस्तुत मार्गदर्शन एवढ्याचसाठी.

भाऊंचा हा आत्मविश्वास शकुंतला नावाच्या रेल्वेने दिलेला आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी रुळांची गाडी दर्यापूरवरून जायची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला शंभरेक वर्षांपूर्वी ती घातली. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. वेग ताशी वीसेक किलोमीटर. शेवटच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच उरला नव्हता. तिकिटे फाडण्यापासून फाटके लावण्यापर्यंतची कामे गाडीवरचेच लोक उतरून करायचे. गाडी फाटकाअलीकडे थांबणार, एक जण उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबणार, तो फाटक उघडून परत चढणार. तेवढ्यात दर्यापूरचा प्रवासी घरून निघून, वाटेत चहा घेऊन, डब्यात टेकलेला असायचा. अशा गाडीच्या सहवासात दोन-तीन पिढ्या काढल्या, की चाक असलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी थांबेल असे वाटू लागते. जहाजाला चाके नसतात, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे.

जहाज थांबत नाही याला कारणे आहेत आणि ती कप्तानाच्या स्वभावात शोधू नयेत. जहाज बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट ठरलेल्या वेळी चढतो, ओढून नेणाऱ्या टग बोटी त्याच वेळेच्या असतात, धक्क्यावर उभे राहण्याचे भाडे चालूच असते. शिवाय जहाजावर नेमकी किती माणसे आहेत आणि कोण, याची यादी सुटण्याआधी पक्की करून अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. यादी बंद झाली की माणूस धक्क्यावर समोर उभा दिसत असला, तरी कागदावर तो दर्यापुरातच असतो. म्हणून तिकिटावरची जहाज सुटायची वेळ ही प्रवाशासाठी नाही, ती पायलटसाठी आहे असे समजावे. प्रवाशाची वेळ वेगळी छापलेली असते : काउंटर केव्हा बंद होणार ती. ती सुटण्याच्या तासभर आधीची असते, कुठे दोन तास आधीची, आणि ती बहुधा बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून वाचावी.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी मार्च २०२४ मधली हकिगत ऐकावी. ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे बेटावर थांबले होते. आठ प्रवासी खासगी सहलीला गेले आणि उशिरा परतले. जहाज नांगर टाकून समोर दिसत होते. तटरक्षक दलाने त्यांना बोटीतून जहाजापर्यंत नेऊनही पाहिले. वर घेतले नाही. मग ही मंडळी विमाने बदलत, देश बदलत जहाजाच्या मागे लागली आणि शेवटी सेनेगलमधल्या डकारला त्यांनी ते गाठले. त्या आठांत म्हातारी माणसे होती, एक बाई गरोदर होती. वऱ्हाडात एवढ्या भांडवलावर एसटी अर्धा तास थांबवता येते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, पण ते घरात मोठ्याने वाचू नये. १० एप्रिल १९१२ रोजी साउदम्प्टनच्या बंदरात कोळशाच्या भट्टीवर काम करणारे स्लेड आडनावाचे तीन भाऊ गुत्त्यात जरा जास्त रेंगाळले. धावत धक्क्याकडे निघाले, तर वाटेत रूळ आणि रुळांवरून जाणारी गाडी. गाडी जाईपर्यंत ते थांबले. पोचले तेव्हा जहाजाची शिडी काढायला सुरुवात झाली होती, आणि अधिकाऱ्याने त्यांना घेतले नाही. जहाजाचे नाव टायटॅनिक. फाटकावर अडकल्याने जीव वाचल्याची ही गोष्ट शेजारच्या भाऊंच्या कानावर गेली, तर पुढची दहा वर्षे ओट्यावर दुसरा विषय निघायचा नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. दर्यापूरहून मूर्तिजापूर पंचवीस-तीस किलोमीटर. एसटीने किंवा जीपने तिथे जावे आणि मुंबईची गाडी धरावी. अमरावतीहून निघणारी अंबा एक्स्प्रेस आणि गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस या दोन्ही रात्रभर चालून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचतात. तिथून जहाज सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का दीड-दोन किलोमीटरवर. वरवर पाहता सगळे जुळून आलेले दिसते आणि इथेच मुलाचे आणि आजोबांचे एकमत होते : रात्री बसायचे, सकाळी उतरायचे, दुपारी जहाजावर. आदल्या दिवसाचा मुक्काम वाचला.

या मतैक्यापासून सावध राहावे. रात्रीची गाडी वेळेवर आली तर फार लवकर येते, आणि उशीर करायचा तिने ठरवलेच तर किती करील ते इगतपुरीला गाडी उभी असताना डब्यातल्या कोणालाच सांगता येत नाही. घाटात मालगाडी बिघडली, पावसाने लाइन अडली, भुसावळला काही निघाले, की दुपार होते. जहाजवाल्यांपुढे रेल्वेचे दाखले चालत नाहीत. न आलेल्या प्रवाशाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. पुढच्या बंदरावर चढू देणे कंपनीच्या मर्जीवर. आणि सहल नुसती समुद्रात जाऊन परत येणारी असेल, तर पुढचे बंदर मुंबईच. तेव्हा आजोबांचे पहिले मत बरोबर होते. एक दिवस आधी निघावे.

एके काळी हा घोळ नव्हता, म्हणजे साहेबांना नव्हता. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल मोसमात थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटायची. पी अँड ओच्या बोटीतून उतरलेला गोरा माणूस चार पावले टाकून डब्यात बसायचा. त्याआधी, १९०८ मध्ये, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्यांच्या खटल्याचे अपील घेऊन विलायतेला गेले. तेव्हा टपालाची बोट आठवड्यातून एकदा निघायची, आणि ती चुकली की पुढच्या आठवड्यापर्यंत मुंबईचे पाणी प्यावे लागे. आदल्या दिवशी पोचावे, हे सांगायला त्या काळी कोणाला मार्गदर्शन लिहावे लागले नसणार.

आदल्या दिवशी पोचल्यावर राहायचे कुठे? हॉटेल महाग, म्हणून डोंबिवलीच्या आत्याचे नाव निघते. आत्याकडे उतरणे हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. रात्री मुक्काम होतो, गप्पा होतात, इथवर ठीक. सकाळी आत्या म्हणते, ‘पोहे खाऊन जा.’ पोहे होतात, तर म्हणते, ‘आता साडेदहा झालेच, वरणभात टाकते, कुकरला किती वेळ लागतो?’ कुकर हे नाकारता न येणारे आमंत्रण आहे. त्यातून सुटले तरी चार सुटकेसा, एक बादलीएवढी पिशवी आणि आजी यांना घेऊन मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये चढायचे असते. आत्याकडे उतरायचेच असेल, तर तिला जहाजाची वेळ तीन तास अलीकडची सांगावी. हे खोटे बोलणे पापात मोजत नाहीत.

काहींना गाडगेबाबांची धर्मशाळा आठवते. बाबा इथलेच, शेंडगावचे. त्यांच्या नावाच्या धर्मशाळेवर आपला हक्क आहे असे वऱ्हाडी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. पण मुंबईत त्या धर्मशाळेचा आधार असतो तो इस्पितळात आलेल्या गरीब पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना. क्रूझचे तिकीट खिशात घेऊन तिथे पथारी मागितली, तर बाबांनी खराटा कशासाठी हातात धरला होता ते नेमके कळेल.

टॅक्सीवाल्याला ‘बंदर’ एवढेच सांगू नये. मुंबईत बंदर म्हटल्यावर भाऊचा धक्का निघतो, ससून डॉक निघतो, गेटवे ऑफ इंडिया निघतो, आणि या प्रत्येक ठिकाणी पाणी असल्याने दर्यापूरच्या माणसाला बराच वेळ शंका येत नाही. मुंबई बंदराच्या दरवाजांना रंगांची नावे आहेत : ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, पर्पल गेट. आपल्या कागदावर कोणता रंग छापला आहे तो पाहून तोच सांगावा. २०१८ मध्ये मुंबई-गोवा धावू लागलेली ‘आंग्रिया’ पर्पल गेटकडून सुटायची. आत्या तिच्यात बसली असेल, तर तिच्या आठवणीवर विसंबू नये. बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तिथे ७२ काउंटर आहेत आणि एका वेळी पाच जहाजे लागू शकतात. म्हणजे आता योग्य बंदरावर पोचूनही चुकीच्या जहाजाच्या रांगेत उभे राहण्याची सोय झाली आहे.

उशिराचे झाले. लवकर पोचण्याचेही एक शास्त्र आहे, आणि आजोबा त्यात कच्चे असतात. सकाळी सातला जाऊन रांगेत पहिला नंबर लावावा, खिडकीजवळची जागा धरावी, हा त्यांचा बेत. केबिनला नंबर असतो. रुमाल टाकून ती अडवता येत नाही. स्वस्तातली केबिन असेल तर तिला खिडकीच नसते. त्यातून सकाळी सातला ते जहाज नुकतेच आधीचे प्रवासी घेऊन आलेले असते. हजार-दीड हजार माणसे उतरवायची, त्यांचे सामान उतरवायचे, प्रत्येक खोलीतल्या चादरी बदलायच्या, भाजीपाला भरायचा, हे सगळे त्याच धक्क्यावर, त्याच दिवशी दुपारच्या आत उरकायचे असते. भारतात फिरणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ जहाजाला अकरा मजले आहेत. एवढ्या घराची झाडलोट चालू असताना दारात येऊन बसलेल्या पाहुण्याकडे घरची मंडळी जशी पाहतात, तशीच नजर टर्मिनलच्या दारावर मिळते. म्हणूनच वेब चेक-इन करताना यायची वेळ निवडायला सांगतात. मुलाने ती निवडलेली असते आणि कोणाला सांगितलेली नसते. ती आदल्या रात्री त्याच्याकडून काढून घ्यावी. त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी दारात असावे, आधार कार्डे एकाच माणसाच्या हातात असावीत, आणि तो माणूस आजोबा नसावेत. ते कार्डे पिशवीत, पिशवी पिशवीत आणि ती पिशवी सुटकेशीत ठेवतात.

सुटकेशीवरून आठवले. मोठे सामान टर्मिनलवरच घेऊन त्याला केबिनच्या नंबराची पट्टी लावतात आणि ते संध्याकाळपर्यंत सावकाश दाराशी येते. तोवर बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि बदलायचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली आगीच्या भीतीने नेऊ देत नाहीत. घरचे शिजवलेले अन्नही बहुतेक जहाजांवर चालत नाही, आणि या नियमाची तयारी दर्यापुरात कोणीच केलेली नसते. पाटोड्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, ठेचा असा डबा गाडीत अर्धाच संपलेला असतो. तपासणीचे यंत्र समोर दिसू लागते, आजी डबा छातीशी धरते आणि म्हणते, ‘आता काय फेकू का हे?’ फेकायचे नसतेच. तेव्हा वेळेचा हिशेब मांडताना दाराबाहेर सावलीत बसून उरलेला डबा संपवायला पाऊण तास वेगळा धरावा. टॅक्सीवाल्यालाही दोन पाटोड्या द्याव्यात. उशीर झालाच असेल तर परत भेट होण्याची शक्यता असते.

आत गेल्यावर लगेच जेवणाकडे धावू नये, असे सांगून उपयोग नाही. मात्र सुटण्याआधी सगळ्यांना जीव वाचवण्याच्या कवायतीला बोलावतात, तिथे न चुकता जावे. पूर्वी ही कवायत चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली आणि ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशीवर ठेवलेली होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला : २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब ऐकू आला, की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. आजोबा इथे पहिला नंबर लावू शकतात.

किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज हळूहळू जाते. म्हणून धक्क्यावर असतानाच मूर्तिजापूरच्या जीपवाल्याला परतीची वेळ सांगून ठेवावी, आत्याला पोचल्याचे कळवावे, आणि दर्यापूरच्या बाजार समितीत आज तुरीला काय भाव निघाला ते शेजारच्या भाऊंना विचारून घ्यावे. ते भाव सांगतीलच, पण आधी विचारतील : ‘म्हंजे, निंगालं नाही का अजून?’