आईने दिलेली गोळी

कळंगुटला ४१० किलो वजनाचा पितळी क्रिस्तियानो रोनाल्डो उभा आहे. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तो उभा राहिला तेव्हा काही मंडळी काळे बावटे घेऊन हजर झाली. आरोप कोणता? उत्तेजके घेतल्याचा? छे! उत्तेजक चाचणीत तो कधी सापडल्याचे ऐकिवात नाही. त्याचा गुन्हा असा की तो पोर्तुगीज आहे, आणि पुतळा लागला तो नेमका गोवामुक्तीला साठ वर्षे पूर्ण झाली त्याच महिन्यात. आपल्याकडे ब्रह्मानंद शंखवाळकर आहेत, ब्रुनो कुतिन्हो आहेत, त्यांना सोडून हा कशाला, हा प्रश्न रास्तच होता. पण रागाची मात्रा पाहता एक गोष्ट नोंदवायला हवी. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार वारला त्यानंतर साडेचौदा वर्षांनी हा गृहस्थ जन्मला. तरी ४५१ वर्षांचा हिशेब कोणाकडे तरी मागायला हवा, आणि पितळ पळून जात नाही. आम्हा पेडणे-डिचोलीवाल्यांचा हिशेब तसा कमी. आमच्याकडे फिरंगी अठराव्या शतकाच्या उतरणीला पोचला, त्यामुळे आमचा राग पावणेदोनशे वर्षांपुरताच मर्यादित आहे.

आता मॅराडोनाकडे वळू. विश्वचषक आला की पेडण्यापासून साखळीपर्यंत निळे-पांढरे झेंडे लागतात आणि मेस्सीच्या शेजारी या बुटक्या बाप्याचे चित्र चढते. १९८६ मध्ये त्याने हाताने गोल केला आणि श्रेय देवाला दिले. १९९१ मध्ये कोकेन सापडून पंधरा महिने घरी बसला. १९९४ च्या विश्वचषकात एफेड्रिन सापडले आणि स्पर्धेतूनच घरी गेला. एवढी कागदपत्रे एखाद्या कारकुनाविरुद्ध जमली असती तर त्याची पेन्शन थांबली असती. मॅराडोनाबद्दल मात्र आमच्या गाड्यावरचा रसऑम्लेटवाला डोळे पुसून सांगतो, ‘सोड रे, तो आमचो मरे!’ ब्युनोस आयर्सचा माणूस आमचा कसा, हे विचारायचे नसते.

रोनाल्डोवरचा खरा राग पुतळ्याच्या वेळी नव्हताच. तो पेटला २२ ऑक्टोबर २०२५ ला. आशियाई स्पर्धेत एफसी गोवाच्या वाट्याला त्याचा अल नासर संघ आला. फातोर्ड्यात सामना. ज्या तोंडांनी चार वर्षांपूर्वी वसाहतवादाचा निषेध केला होता त्यांतली काही तोंडे तिकिटाच्या चौकशीत गुंतल्याचा आमचा संशय आहे. आणि तो आलाच नाही. अल नासरने त्याच्याशिवाय २-१ ने जिंकून दाखवले. आपल्या ब्रायसन फर्नांडिसने एक गोल केला म्हणून लाज राहिली. त्या रात्री आम्हाला कळले की पोर्तुगीज असणे एक वेळ चालेल, न येणे चालणार नाही. आला तर काळा बावटा, न आला तर शिव्या. वसाहतवादी माणसाने वागावे तरी कसे?

मुद्दा असा की लघवीत काय सापडले हे प्रयोगशाळा पाहते. चाहता पाहतो निमित्त, आणि निमित्तात घरचे माणूस असले तर खटला तिथेच निकाली निघतो. २००३ चा विश्वचषक तोंडावर असताना शेन वॉर्नच्या नमुन्यात लघवी वाढवणारे बंदी घातलेले औषध सापडले. तो म्हणाला, वजन उतरवायची गोळी होती, आईने दिली. वर्षभराची बंदी बसली, पण ‘आईने दिली’ हे दोन शब्द डिचोलीत पोचले तेव्हाच अपील मंजूर झाले. पावसाळ्यात नाक दाबून किरायत्याचा काढा ज्याने गिळला आहे तो हा खटला चालवूच शकत नाही. आईने दिलेले माणूस गिळतो. त्यात काय आहे असे विचारणारा मुलगा आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

टेनिसपटू यानिक सिन्नरची कथा याहून सरस. त्याच्या मसाजवाल्याचे बोट कापले, त्याने बोटावर बंदी असलेल्या औषधाचा फवारा मारला आणि त्याच बोटाने मसाज केला. २०२४ मधले हे प्रकरण अखेर तीन महिन्यांच्या बंदीवर मिटले. फवारा खरा असेल, तज्ज्ञांनी तपासलाही. आम्हाला भावले ते कापलेले बोट. याउलट सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. कर्करोगातून उठलेला माणूस, सात वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला. इतके भांडवल असताना त्याने प्रश्न विचारणाऱ्यांनाच कोर्टात खेचले. २०१२ मध्ये सातही किताब गेले, जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली, आणि त्या कबुलीत ना आई, ना बोट, ना साधा खोकला. अशा कोरड्या कबुलीला कोण माफ करणार?

खोकल्यावरून पृथ्वी शॉ आठवला. अठराव्या वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा, आणि दुसऱ्याच वर्षी नमुन्यात बंदी असलेले टर्ब्युटालिन. खोकल्याचे औषध घेतले, त्यात ते होते. क्रिकेट मंडळाने आठ महिन्यांची बंदी घातली ती मार्चपासूनची धरून. जाहीर केली जुलैअखेर, म्हणजे निम्मी भोगून झाल्यावर शिक्षा कळली. लोक हळहळले, बिचारे पोर म्हणाले. तेच लोक पुढे काय म्हणाले? २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो बाहेर गेला, आयपीएलच्या लिलावात कोणी घेतला नाही, आणि सगळी चर्चा त्याच्या पोटावर येऊन थांबली. खोकल्याचे औषध माफ झाले, पोट झाले नाही. पोट प्रत्येकाला दिसते, आणि बहुधा बोलणाऱ्यालाच जास्त असते.

नरसिंग यादवचे प्रकरण अधिक कडू आहे. एरवी उत्तर प्रदेशातून येऊन मुंबईत दूध घालणाऱ्या घरांची आम्ही ‘बाहेरचे’ म्हणून नोंद करतो. पण अशाच घरातला हा पोरगा तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, २०१६ मध्ये रिओला निघाला, मेथॅन्डिएनोन सापडले, त्याने जेवणात कोणीतरी मिसळल्याचे सांगितले, आणि एका रात्रीत तो अस्सल मराठी मातीतला मल्ल ठरला. देशातल्या समितीने सोडले, आंतरराष्ट्रीय लवादाने ऐन स्पर्धेत कटाची गोष्ट न मानता चार वर्षांची बंदी ठोकली. आमचा निकाल केव्हाच लागला होता: कारस्थान. हरमल-मोरजीच्या बाजूला पुडी सापडली तर बातमी ‘युवकास अटक’. तीच आपल्या पैलवानाच्या नमुन्यात सापडली तर ‘दिल्लीचा डाव’.

हे सगळे समजायला औषधशास्त्राची गरज नाही, पेडण्यातली जत्रा पुरते. दशावतारात सुरुवातीला संकासूर येतो. हा वेद चोरणारा, म्हणजे धंद्याने चोर. पण तो काळा बुरखा घालून आपल्या बोलीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची चेष्टा करतो. मग विष्णू येतो, फारसा बोलत नाही, नियमाप्रमाणे त्याला मारतो आणि निघून जातो. विष्णूच्या विजयात काडीची भेसळ नसते. तरीही सकाळी घरी जाताना पोरे नक्कल संकासुराची करतात. सतत जिंकणारा, मोजके बोलणारा, आपल्या टाळीवाचून ज्याचे काही अडत नाही असा विजेता आम्हाला देव म्हणून चालतो, शेजारी म्हणून नको. धावपटू जस्टिन गॅटलिनने २०१७ मध्ये लंडनला तर विष्णूचा मोबदला मागितला आणि तोही संकासुराच्या पूर्वेतिहासासह: दोन बंद्या भोगून आला आणि बोल्टच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये बोल्टलाच हरवले. प्रेक्षकांनी मनसोक्त हुर्यो केली. शिक्षा पुरी केलेल्या माणसाची हुर्यो कायद्यात बसत नाही, पण तो हरला असता तर त्याच्या उत्तेजकांची आठवण किती जणांना राहिली असती?

याचा पुरावा आमच्या अंगणातच आहे. २०२३ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, मोगा नावाचा गवा नाचला, गोव्याने सत्तावीस सुवर्णपदके घेतली. नंतर बातमी आली की या स्पर्धेत पंचवीसच्या आसपास खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडले. त्याआधी महिनाभर दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजकविरोधी पथक आल्याची कुणकुण लागताच शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला होता, बाकीच्यांच्या पायात एकाच वेळी गोळे आले. यातल्या एकाचे तरी नाव आमच्यापैकी कोणाला आठवते? ना कोणी काळा बावटा काढला, ना कोणी डोळे पुसले. द्वेष करून घ्यायलाही आधी थोडी ओळख लागते. गवा मात्र सगळ्यांना आठवतो.

आणि राजकारणातल्या खेळाडूंचे तर विचारू नका. एका चिन्हावर जिंकून दुसऱ्या चिन्हाखाली बसलेला माणूस पुढच्या खेपेला हार घालून घेतो. तिथे नमुना घ्यायची सोयच नाही.

या पार्श्वभूमीवर आमच्या तालुक्यांतल्या टेनिस बॉल क्रिकेटचे कौतुक वाटते. तिथे ‘पंचायत मर्यादित’ असा नियम असतो आणि प्रयोगशाळेचे काम आधार कार्ड करते. पेडण्याचे संघ बांद्याहून, डिचोलीचे संघ दोडामार्गातून गोलंदाज आणतात, आणि ही सोय करण्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही, कारण भजनी मेळातही पाहुणा पखवाजी चालतो. आमच्याही वाड्याने एका वर्षी सीमेपलीकडचा डावखुरा आणला. त्याने उपांत्य फेरीत पाच बळी घेतले. समोरच्या वाड्याने तक्रार केली तेव्हा आमच्या वाड्याच्या पंचमंडळींनी एकमुखाने सांगितले की त्याची मावशी इथेच दिलेली आहे, शनिवारी तो तिच्याकडे हुमण-भात जेवतो, म्हणजे तो इथलाच. मावशीचे घर कोणते, हे ठरवण्यात थोडा वेळ गेला, पण एक घर ठरले. कप आला, मिरवणूक निघाली, डावखुऱ्याला शाल मिळाली.

पुढच्या वर्षी समोरच्या वाड्याने पाच हजार जास्त मोजले. डावखुरा त्यांच्याकडून उतरला, आणि आमच्या मंडळाने त्याचे आधार कार्ड प्रथमच उलटून मागचा पत्ता वाचला.