किल्लीसकट झेरॉक्स

प्रात्यक्षिकांचे दिवस आले की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मागणी फिरू लागते: अमक्या कसोटीची पीडीएफ आहे का कुणाकडे? स्कोअरिंग कीसकट पाठवा. पोरांना बोल लावू नका. विभागाच्या कपाटात संच एकच, वर्ग भरलेला, आणि जर्नलवर सही तर हवीच. बोल लावायचा तो किल्लीसकट झेरॉक्स काढू देणाऱ्या विभागांना.

या कसोट्या काही जर्नलपुरत्या नाहीत. बिने-कामतच घ्या. बिनेच्या कसोटीला डॉ. कामतांनी मराठी आणि कानडी रूप दिलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० सालचं. मुलांचा बुद्ध्यंक काढायला ती आजही वापरतात. त्या आकड्याच्या आधारे कुणाला कुठल्या शाळेत घालायचं, कुणाला परीक्षेत सवलत द्यायची, हे ठरतं. प्रश्न आणि उत्तरं आधीच बाहेर फुटली असतील तर त्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि ही कसोटी गेली तर दुसरी घेऊ, असं म्हणायची सोय नाही. मराठी मुलांसाठी नीट प्रमाणित केलेल्या कसोट्या मुळातच मोजक्या.

शिवाय मापन शिकायला बंद पेटीतली कसोटी लागते कशाला? रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान श्रेणी १९६५ची, विधानं जेमतेम १०. पाच सरळ, पाच उलट. उलट विधानांचे गुण फिरवायला जो विसरला, त्याला गुणांकन म्हणजे काय ते तिथेच कळतं. लुइस गोल्डबर्ग यांनी उभा केलेला ‘आयपिप’ हा व्यक्तिमत्त्वविषयक विधानांचा साठा तर सगळ्यांसाठी खुला आहे. ३,०००हून जास्त विधानं. छापा, बदला, भाषांतर करा, कुणाची परवानगी नको, पैसे नकोत. त्यातली वीस विधानं एका गटाने मराठीत आणावीत, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावीत. मग कॉलेजातल्या शंभरेक मुलांकडून, त्यांची संमती घेऊन, भरून घ्यावीत, विश्वसनीयता दाखवणारा अल्फा गुणांक काढावा, कच्ची विधानं गाळावीत. विश्वसनीयतेची व्याख्या पाठ करून हे येत नाही.

अभ्यास मंडळांनी प्रात्यक्षिकांची यादी याच वर्षी बदलावी. जर्नल खुल्या कसोट्यांवर लिहून घ्यावं. बुद्धिमत्तेचे संच विभागातच, शिक्षकांच्या देखत हाताळू द्यावेत, आणि किल्लीचं पान झेरॉक्सच्या दुकानात जाऊच देऊ नये.